घराभोवती कायोटी, घरात छोटा कुत्रा: काय करायचं आणि काय नाही

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. न्यू जर्सीहून एक मराठी कुटुंब न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन खोऱ्यात, गावाबाहेर पाच एकरांच्या जागेत राहायला आलं आहे. घरात सात किलोचा शित्झू आणि एक लॅब्राडोर. मे महिन्यात एका संध्याकाळी आवाराच्या कडेला कायोटी, म्हणजे कोल्ह्या-लांडग्यांच्या गोतावळ्यातला इथला रानटी प्राणी, उभा दिसला. ताईंनी टाळ्या वाजवल्या, तरी जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी झाडीतल्या वाटेवर तो दोन्ही कुत्र्यांच्या मागोमाग बरंच अंतर चालत आला. रात्री ओरडा ऐकू येतो, त्यावरून दहा-बारा तरी असावेत असं वाटतं. नाशिकहून आलेल्या आईंनी बाहेर पडणंच सोडलं आहे. ताई विचारतात: हा कुत्र्याला खाईल का? बंदूक घ्यावी का? कुणाला बोलावून पकडून नेता येईल का? की राखणीला एखादा दांडगा कुत्रा आणावा?

ताई, तुम्ही महिना सांगितलात ते फार बरं केलंत. अर्धं उत्तर त्यातच आहे. मी याच खोऱ्यात बरीच वर्षं जनावरांची डॉक्टर आहे. गुरं, घोडे, कुत्री-मांजरं सगळं बघते. कायोटीने चावलेले कुत्रे दरवर्षी येतात आणि ते ठरावीक दिवसांतच जास्त येतात. कायोटींची जोडी जानेवारीअखेरीपासून मार्चपर्यंत जुळते. साधारण 63 दिवसांनी, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, मादी विते. एका वेळी चार ते सात पिल्लं होतात. बीळ झाडाच्या मुळांखाली, उतारावर, कधी पडक्या गोठ्याच्या पायाखाली असतं. ऑगस्टपर्यंत सगळं कुटुंब त्या बिळाच्या आसपास राहतं आणि तेवढ्या भागात शिरलेला कोणताही कुत्रा त्यांच्या लेखी पिल्लांच्या जिवावर उठलेला असतो. तुमच्या मागे चालत आला तो बहुतेक बाप होता. तो शिकारीसाठी मागे लागला नव्हता, तुमची कुत्री हद्दीबाहेर जाईपर्यंत लक्ष ठेवून होता. अंतर राखून, न पळता, न गुरगुरता मागे येणारा कायोटी या दिवसांत जवळजवळ नेहमी हेच करत असतो.

म्हणून पहिलं काम: ती वाट ऑगस्ट संपेपर्यंत सोडून द्या. दुसऱ्या बाजूने फिरा, रस्त्याच्या कडेने फिरा. लोक उलट करतात. 'आमची जागा, आम्ही का घाबरायचं' म्हणून रोज त्याच वाटेने जातात, आणि जूनमध्ये लॅब्राडोर मागच्या पायाला दात लागून माझ्याकडे येतो.

आता ओरड्याचं. दोन मोठे कायोटी आणि एक-दोन गेल्या वर्षीची पिल्लं मिळून असा कल्ला करतात की दहा-बारा वाटावेत. प्रत्येक जण सूर भराभर बदलतो, त्यात टेकड्यांवरून आवाज परत येतो. तुमच्या भोवती फार तर एक कुटुंब आहे. शिकार मिळाली म्हणून ओरडतात हेही खरं नाही. विखुरलेलं कुटुंब एकत्र येताना आणि शेजारच्या कुटुंबाला 'इथे आम्ही आहोत' हे कळवताना ते ओरडतात. आईंनी नाशिककडे कोल्हेकुई ऐकलेली असेल. त्यांना सांगा की हा कोल्ह्याच्याच गोतावळ्यातला आहे, फक्त थोराड. आपल्याकडचा कोल्हा आठ-दहा किलोचा. पश्चिम अमेरिकेतला कायोटी त्याहून थोडा मोठा, आणि आपल्या या पूर्व भागातला 15 ते 20 किलोपर्यंत जातो. लांडगे मारून संपवल्यावर कायोटी गेल्या शतकात पूर्वेकडे सरकत आले. वाटेत कॅनडातल्या लांडग्यांशी आणि थोडाफार कुत्र्यांशी संकर झाला, म्हणून इथले अंगाने मोठे. हिवाळ्याच्या दाट केसांत तर 30 किलोचे वाटतात. फोनवर 'लांडगा दिसला' असं सांगणारे बहुतेक लोक जानेवारी-फेब्रुवारीत फोन करतात, ते याचमुळे.

कुत्र्याला खाईल का? इथे मी गोड बोलणार नाही. सात किलोचा शित्झू अंधारात एकटा बाहेर असेल, तर हो, उचलून नेऊ शकतो. त्याच्या रोजच्या खाण्यात उंदीर, ससे, हरणांची पाडसं, मेलेली हरणं, पडलेली फळं असतात. शिकागोच्या परिसरात 2000 सालापासून कायोटींचा सलग अभ्यास चालू आहे. तिथे विष्ठेच्या तपासणीत सगळ्यात जास्त उंदीर-घुशींसारखे प्राणी निघाले, पाळीव मांजराचे अंश अगदी किरकोळ. कुत्रा हे त्याचं नेहमीचं भक्ष्य नाही. जुन्नरकडचा बिबट्या कुत्र्यासाठी मुद्दाम वस्तीत येतो, तसं याचं नाही. पण सशाच्या आकाराचं काहीतरी गवतात एकटं पळताना दिसलं, तर तो विचार करत बसत नाही. लॅब्राडोरचं वेगळं. तो भक्ष्य नाही, प्रतिस्पर्धी आहे. जखमांवरूनही हे लगेच कळतं. मोठ्या कुत्र्याला दात लागतात ते ढुंगणावर, मागच्या मांड्यांवर: 'चालता हो' म्हणून. छोट्याला लागतात मानेवर, पाठीवर, छातीवर.

माणसांबद्दल आईंची भीती असेल तर एवढं सांगा की अमेरिका आणि कॅनडा मिळून कायोटीने माणूस मारल्याच्या नोंदी दोनच आहेत: 1981 साली कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलमध्ये एक लहान मुलगी आणि 2009 साली नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटनमध्ये एक तरुण गायिका. चावल्याच्या घटना त्याहून जास्त आहेत, आणि लोकांनी खाऊ घालून धीट केलेले कायोटी त्यात वारंवार दिसतात. नातवंडं लहान असतील तर संध्याकाळी बाहेर एखादं मोठं माणूस हवं, एवढी काळजी पुरे.

एक समज मात्र काढून टाका, कारण त्याने नुकसान होतं. 'एक कायोटी खेळायचं नाटक करून कुत्र्याला जंगलात नेतो आणि तिथे टोळी दबा धरून बसलेली असते' असं तुम्हाला शेजारी सांगतीलच. कायोटी असा बेत करत नाही. मोकळा कुत्रा त्याच्या मागे धावतो, तो आपल्या घराकडे पळतो आणि तिथे त्याचं कुटुंब असतंच. कुत्र्याच्या नजरेतून शेवट तोच, पण उपाय वेगळा निघतो: कुत्रा मागे धावताच कामा नये. हाक मारली की हरणाचा पाठलाग अर्धवट सोडून परत फिरणारा लॅब्राडोर मी फार थोडा पाहिला आहे. तेव्हा पट्टा. साधा सहा फुटी पट्टा घ्या. आत-बाहेर होणारा दोरीचा पट्टा नको, कारण ऐन वेळी कुत्रा पंचवीस फुटांवर असतो आणि बारीक दोरी हाताने ओढता येत नाही.

आवारातल्या सवयी बदलणं जास्त महत्त्वाचं आहे, कारण छोटे कुत्रे दूरच्या रानात जात नाहीत, घरामागच्या हिरवळीवरूनच जातात. शित्झूला पहाटे आणि तिन्हीसांजेनंतर एकट्याला दार उघडून सोडायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा. आधी दिवा लावा, दारात उभं राहून आवार बघा, मग त्याला पट्ट्यावर घेऊन स्वतः बाहेर जा. दाराला कुत्र्याने ढकलून उघडायची झडप असेल तर रात्री बंद. इथल्या बऱ्याच घरांत जमिनीखाली तार पुरून कुत्र्याच्या गळ्यात झटका देणारा पट्टा घालतात. ते कुंपण तुमच्या कुत्र्याला आत अडकवतं, कायोटीला अडवत नाही. छोट्या कुत्र्यासाठी ते मला अजिबात पसंत नाही. खरं कुंपण पाच एकरांना परवडणार नाही, आणि तशी गरजही नाही. घराला लागून कुत्र्यापुरता चौक करा: सहा फूट उंच जाळी, वरच्या कडेला फिरती नळी, म्हणजे पंजे टेकवून चढताना पकड सुटते. खाली जाळी बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी वळवून मातीखाली दाबायची, कारण कायोटी उकरतो. चार फुटी लाकडी कुंपण तो सहज ओलांडतो.

आणि आता खाण्याचं, जे आपल्या घरांत जरा नाजूक असतं. उरलेला भात, पोळीचे तुकडे पाखरांसाठी मागच्या अंगणात ठेवायची सवय पुष्कळ मराठी घरांत आहे. पितृपक्षात काकबळीचं पान डेकच्या, म्हणजे घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याच्या, कठड्यावर ठेवलं जातं. आईंना हे करावंसं वाटणं मी समजू शकते, माझ्याही घरात ते होतं. पान ठेवा, पण भर दिवसा, आणि तासाभराने उरलेलं उचलून आत आणा. पाखरांच्या दाण्याचं भांडं लटकवलं असेल तर खाली सांडलेल्या दाण्यांवर उंदीर-खारी येतात आणि त्यांच्यामागे कायोटी. खताच्या ढिगात शिजवलेलं अन्न टाकू नका. सफरचंदाचं झाड असेल तर पडलेली फळं वेचा. कुत्र्याचं खाण्याचं ताट बाहेर राहू देऊ नका. कायोटी आवारात रेंगाळतो तेव्हा बहुतेक वेळा यातलंच एखादं कारण सापडतं.

समोर आलाच तर? इथे दोन वेगळे प्रसंग आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नका.

तो तुमच्या आवारात आहे: हुसकावून लावायचं. शित्झूला उचलून घ्या, लॅब्राडोरचा पट्टा आखूड धरा, त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहा, हात वर करून मोठ्या दिसा आणि जोरात ओरडा. टाळ्या फार क्षीण पडतात. दाराशी स्टीलचं ताट आणि डाव ठेवा, किंवा होडीवर वापरतात तो छोटा एअर हॉर्न. तो दोन पावलं मागे सरून थांबला तर तुम्ही थांबू नका. नजरेआड होईपर्यंत पुढे सरकत आवाज करत राहा. अर्ध्यावर सोडलं की तो एवढंच शिकतो की थोडा वेळ थांबलं की ही बाई गप्प होते. त्याला निघून जायला वाट मात्र मोकळी ठेवा. कोपऱ्यात कोंडू नका. घरातल्या सगळ्यांनी हे करायला हवं, आईंनीही, हवं तर डेकवरूनच. एकाच माणसाला घाबरणारा कायोटी बाकीच्यांना जुमानत नाही.

तुम्ही त्याच्या आवारात आहात, म्हणजे मे-जूनमध्ये झाडीत, आणि तो मागे येतोय किंवा वाटेत उभा राहून पाठ कमानदार करून तोंड वासतोय: इथे हुसकावायला जाऊ नका. पिल्लं जवळ आहेत, तो मागे हटणार नाही. कुत्र्यांना जवळ घ्या, पाठ न फिरवता, न पळता, आल्या वाटेने परत फिरा. पळालात तर तोही तुमच्या मागे पळेल, आणि लॅब्राडोर तर नक्कीच धावत सुटेल.

एवढं करूनही झटापट झालीच तर पुढचा भाग नीट वाचा. छोट्या कुत्र्याच्या पाठीवर बाहेरून दिसतात ती फक्त दोन-चार छिद्रं, तांदळाच्या दाण्याएवढी, कधी केसांत दिसतही नाहीत. मालक म्हणतात, थोडंसं लागलंय. मी केस काढून त्वचा बोटांनी हलवते तेव्हा कळतं की ती खालच्या स्नायूंपासून सुटलेली आहे. बोटाखाली चुरचुर लागते, ती आत शिरलेली हवा असते. कायोटी धरून झटकतो, त्यामुळे दात लागतात तिथे छिद्र आणि आतमध्ये सगळं फाटलेलं. बरगड्या तुटून फुप्फुसाला लागलेलं असू शकतं. म्हणून जखम किती मोठी दिसते यावर काहीही ठरवू नका. त्याच रात्री तातडीच्या दवाखान्यात न्या. टॉवेलात गुंडाळा, छाती दाबू नका, फळीवर किंवा खोक्यात आडवं ठेवून न्या. हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा श्वास पोटाने घेऊ लागला तर एक मिनिटही घालवू नका. भारतातून आणलेली कॉम्बिफ्लाम किंवा क्रोसिन चुकूनही देऊ नका. कुत्र्यांना या गोळ्यांची विषबाधा होते. हळद भरू नका, मला ती सगळी धुऊन काढावी लागते आणि वेळ जातो.

जखमेला हात लावताना हातमोजे घाला, कारण लाळ त्याच्या केसांवर असते. या भागात रेबीज मुख्यतः रॅकूनमध्ये, म्हणजे डोळ्यांवर काळा पट्टा असलेल्या इथल्या एका रानटी प्राण्यात, आहे. तो कायोटीत कधीतरीच येतो, पण येतो. रेबीजची लस वेळेवर झालेली असेल तर लगेच एक बूस्टर आणि 45 दिवस घरीच देखरेख, एवढ्यावर भागतं. लस कधीच झालेली नसेल तर अनेक महिने कडक विलगीकरण किंवा दयामरण, असे दोनच पर्याय उरतात. लशीचा दाखला शोधत बसायची वेळ येऊ नये म्हणून त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. बाकी लेप्टो मुंबईच्या पावसाळ्यामुळे आपल्याला ठाऊक आहेच. इथे तो रानटी प्राण्यांच्या मूत्राने डबक्यांतून पसरतो आणि त्याची लस दरवर्षी द्यावी लागते. हृदयातल्या कृमींचं औषध वर्षभर चालू ठेवा. आवारात केस झडलेला, खाजवत फिरणारा कायोटी दिसला तर ती खरूज आहे. तो लोळला त्या जागी कुत्र्यांना जाऊ देऊ नका.

बंदूक आणि सापळा. न्यूयॉर्कमध्ये कायोटीच्या शिकारीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्चअखेर असतो, आणि दुसऱ्याच्या घरापासून 500 फुटांच्या आत त्याच्या संमतीशिवाय गोळी झाडता येत नाही. पकडून दुसरीकडे सोडणं परवान्याशिवाय बेकायदा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी माझं उत्तर नाहीच आहे. तुमच्याकडचं कुटुंब हद्द राखून आहे, एवढ्या जागेत दुसरं कुटुंब येऊ देत नाही. बाप किंवा आई मारली की हद्द मोकळी होते आणि शरद ऋतूत हिंडणारी तरुण जनावरं त्यात शिरतात. त्यांना तुमचं घर, तुमचा आवाज, तुमची कुत्री काहीच माहीत नसतं. कायोटींची संख्या खरोखर कमी करायची तर दरवर्षी सुमारे 70 टक्के मारावे लागतात असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि उरलेल्या माद्या जास्त पिल्लं वाढवतात. सरकारी यंत्रणा दरवर्षी हजारोंनी मारते आणि तरीही हवाई सोडून अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत कायोटी आहेत.

सापळ्यांचा खरा धोका तुमच्याच कुत्र्यांना आहे. ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत शेजारच्या रानात पाय पकडणारे सापळे लावलेले असू शकतात. आपल्या जागेच्या सीमेवर पिवळ्या 'पोस्टेड' (परवानगीशिवाय आत येऊ नका) पाट्या लावा, शेजाऱ्यांना विचारून ठेवा. लॅब्राडोरचा पाय अडकलाच तर आधी त्याच्या डोक्यावर कोट टाका, कारण वेदनेने तो तुम्हालाही चावेल. मग सापळा जमिनीवर सपाट टेकवून दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगच्या पट्ट्या एकाच वेळी पायांनी खाली दाबा. जबडा सैल पडतो. कुत्र्याचा पाय ओढू नका.

राखणीचा कुत्रा तुम्हाला नको. ग्रेट पिरेनीज, अनातोलियन शेफर्ड ही कुत्री मेंढ्यांसाठी आहेत. 1972 साली सरकारी जमिनींवर कायोटींसारख्या शिकारी प्राण्यांना मारायला विष वापरायला बंदी आल्यावर इथल्या मेंढपाळांनी ती युरोप-आशियातून आणून रुळवली, आणि मेंढ्यांजवळ ती उत्तम काम करतात. राखायला कळप नसलेला पिरेनीज रात्रभर भुंकतो, पाच एकरांना आपलं मानत नाही आणि दोन मैल हिंडून येतो. एकटा कुत्रा कायोटींच्या कुटुंबाशी भिडला तर टाके घालायला माझ्याकडेच येणार. ते पैसे शित्झूच्या चौकाच्या कुंपणात घाला.

दिवसा कायोटी दिसला म्हणून तो पिसाळलेला नसतो. पिल्लं असताना आई-बाप दिवसाढवळ्या शिकार करतात. पण लडखडत चालणारा, तोंडातून लाळ गळणारा, हुसकावल्यावरही अंगावर येणारा, पट्ट्यावरच्या कुत्र्याला तुमच्या पायाशी येऊन धरणारा कायोटी वेगळा. तेव्हा घरात जा, राज्याच्या पर्यावरण खात्याच्या स्थानिक कार्यालयाला फोन करा, आणि कुत्र्याला किंवा माणसाला लाळ लागली असेल तर जिल्ह्याच्या आरोग्य विभागालाही. दोन्ही नंबर फ्रिजवर लावून ठेवा, आईंना दिसतील असे.